सात, आठ, दहा

बसा. पाय पसरून नाही, मांडी घालून. बाटल्या मागे ठेवा. आणि ती केसांची पिन तोंडातून काढ आधी, गिळशील.

रविवारचं नंतर बोलू. आधी गुरुवारचं. गुरुवारी संध्याकाळी मी आतल्या खोलीत मॅट मोजत होते आणि तुम्ही वॉलबारला लटकून लेग-लिफ्ट मारत होतात. बाई समोर नाहीत म्हटल्यावर मोजणी तुमच्याकडे. मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. ‘पाच, सहा, सात, आठ, दहा!’ सात, आठ, दहा? नऊ कुठे गेला? दुसऱ्या सेटला तर सहावरून थेट आठावर उडी. जी मुलगी वॉल्टवर उडी मारताना दर वेळी बिचकते, ती आकड्यांवरून बरी उडते.

नाव घेत नाही. जिचं आहे तिची मान आत्ताच खाली गेली. बाकीच्यांनी सुटकेचा श्वास टाकू नका. खिदळणारे आवाज पाच होते. मला मोजता येतं, मधले आकडे न गाळता.

त्या वेळी मी बाहेर येऊन ओरडले नाही. तीन दिवसांवर जिल्हा स्पर्धा होती. म्हटलं, आपण कशाला घसा कोरडा करा, बीम सांगेल.

सांगितलं ना?

‘बॅड लक, बाई,’ म्हणे. हे मला रविवारी खाली उतरल्या-उतरल्या ऐकवलंस. बीम १० सेंटिमीटर रुंद असतो. तुझा कंपासबॉक्स आडवा धर, साधारण तेवढा. तो काल १० होता, आज १० आहे, दिल्लीला गेलीस तरी १० च राहणार. ज्याची रुंदी कधी बदलत नाही त्याच्यावर नशिबाचं खापर फोडू नकोस. मी पंचांच्या टेबलामागे उभी होते, काय झालं ते मी पाहिलं. कार्टव्हीलला हात बरोबर पडले. पहिला पाय छान वर गेला, दुसराही निघाला. आणि ऐन वर, जिथे अंग भाल्यासारखं सरळ हवं, तिथे तू पोट सोडून दिलंस. फासळ्या पुढे आल्या, कंबर आत गेली, पाठीचं केळं झालं. त्या केळ्यामुळे कंबर दोन बोटं डावीकडे कलली. फक्त दोन बोटं! खाली फ्लोअरवर ती कुणाला दिसलीही नसती. पण बीमवर त्या दोन बोटांनी पाऊल कडेला पडलं, मग हातांची पवनचक्की, मग खाली.

पडल्याचा पूर्ण १.०० गेला. गुडघा वाकला त्याचे ०.१० वेगळे. परत चढलीस ती रडवेली, म्हणून पुढच्या उडीत पाय फाकले, तिथे आणखी गेले. आता सांग, पोट कुठे सुटलं? रविवारी बीमवर? मुळीच नाही. ते गुरुवारी वॉलबारवर सुटलं होतं. तो नऊ नंबरचा लेग-लिफ्ट होता ना, ज्यात पोट जळतं, पाय थरथरतात, ‘बाई बघत नाहीत’ असं मनात येतं, तोच तुला वर सरळ धरणार होता. पहिले पाच तर कुणीही मारतं. पहिल्या पाचांत काही होत नाही, तिथे अंग फक्त जागं होतं. खरं काम आठ-नऊ-दहाचं, आणि तेच तुम्ही नेमकं चोरलंत. कुणाचं चोरलंत? माझं? माझं वय बघा, मला आता पोट घट्ट करून काय करायचंय?

ही गोष्ट डोक्यात एकदाची घुसू दे. होलो म्हणजे पाठीवर पडून पोट घट्ट धरणं, आराम नाही. कंबर आणि जमीन यांच्यामध्ये माझी बोटं सरकता कामा नयेत, हे रोज सांगते. रोज माझी बोटं सरकतात. परवा एकीच्या कंबरेखालून माझा आख्खा हात गेला, आणि ती वर छताकडे बघून पंख्याची पाती मोजत होती. अंगाचा तोच आकार हँडस्टँडला लागतो, तोच कार्टव्हीलच्या वरच्या टोकाला, तोच बारवर झोका घेताना, तोच वॉल्टच्या टेबलवर हात टेकल्या क्षणी. तुम्हाला वाटतं आपण वीस निरनिराळ्या गोष्टी शिकतोय. तुम्ही तीन-चार आकार शिकताय आणि ते वीस ठिकाणी वापरताय. तो आकार जमिनीवर, पाठीवर पडल्या पडल्या अर्धा मिनिट धरता येत नाही, तर हवेत, उलटं, फिरताना कोण धरून देणार आहे?

हँडस्टँडबद्दल तर मी बोलणारच नाही, असं ठरवून आले होते. पण भिंतीला पाठ करून हँडस्टँड मारायचा नाही, भिंतीकडे तोंड करून मारायचा, हे जूनपासून सांगतेय. पाठ केली की टाचा भिंतीवर रेलतात आणि पाठीची कमान होते. तो हँडस्टँड नव्हे, ते भिंतीला टेकवून ठेवलेलं शिडीचं लाकूड. तोंड भिंतीकडे, छाती आत, खांदे कानाला, जमीन ढकलायची. ढकलायची म्हणजे हातांनी आपली उंची वाढवायची. पन्नास सेकंदांत तुमचे खांदे खचतात आणि मी घड्याळ दाखवलं की म्हणता, ‘बाई, बोअर होतं.’ बोअर होतं? मग मागे हातांवर उडी घ्यायच्या त्या फ्लिकला बोलवायचं नाही मला.

आता गच्चीवरची कथा.

हो, पाहिला मी तो व्हिडिओ. सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत फिरत माझ्याही फोनवर आला. दोन कापसाच्या गाद्या, त्याही जोडलेल्या नाहीत, मध्ये फट, समोर कठडा, आणि आमच्या क्लबचा टी-शर्ट घालून उलटी कोलांटी. मागे गाणं. खाली टाळ्यांची चित्रं. त्या व्हिडिओत मी गाणं ऐकलं नाही, तुझी हनुवटी पाहिली. उडण्याआधीच डोकं मागे फेकलंस. मागची कोलांटी मागे जात नाही, ती आधी वर जाते, हे किती वेळा सांगितलं? हात कानाशी, नजर समोर, पायांनी जमीन सोडून पूर्ण वर, आणि मग गुडघे छातीशी. डोकं आधी फेकलं की उंची तिथेच मेली. मग माणूस खालच्या खाली फिरतो आणि पाय यायच्या आधी मान येते. त्या दिवशी तुझे पाय चार बोटांनी आधी आले. एवढंच. ती चार बोटं तू मेहनतीने कमावलेली नव्हतीस. ती तुला फुकटात मिळाली.

घाबरवायचं म्हणून सांगत नाही, माहीत असावं म्हणून सांगते. येलेना मुखिना नावाची सोव्हिएत मुलगी होती. १९७८ सालची जगज्जेती, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी नव्हे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी तिचा पाय मोडला होता. पुरता बरा झाला नव्हता, पायात आधीची ताकद परत आलेली नव्हती. तरी तिच्याकडून फ्लोअरवरची एक अत्यंत धोक्याची उडी करवून घेत होते. आपल्याला हे झेपत नाही, असं तिने सांगून पाहिलं होतं. कुणी ऐकलं नाही. सरावात उंची कमी पडली, ती हनुवटीवर आपटली, मान मोडली. वय वीस. २००६ मध्ये वारली, तोवर ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली नाही. पुढे ती उडी मुलींसाठी बंदच करून टाकली. लक्षात घ्या, तिला उडी येत होती. पायात ताकद नव्हती. तुला तर दोन्ही नाही, आणि तू गच्चीवर आहेस. आजपासून तुझी फ्लिक बंद. किती दिवस ते मी ठरवीन. ब्रिजपासून परत, आधी मागे पाय टाकून उभं राहायचं, मग माझा हात कंबरेला असताना, मग बघू. रडायचं असेल तर रड, पण बसून राहा.

आणि वहीच्या मागच्या पानावर ‘मिशन प्रोडुनोवा’ लिहिणाऱ्या बाईसाहेब! पान छान सजवलंय, स्केचपेनचे तीन रंग वापरलेत. दीपा कर्माकर तुम्हाला आवडते, मलाही आवडते. पण तुम्हाला तिची ती एक उडी माहीत आहे, बाकी काही माहीत नाही. आगरताळ्याच्या त्या मुलीचे तळपाय सपाट होते. जिम्नॅस्टला ही मोठी अडचण, कारण पळताना आणि उतरताना पायाची कमान स्प्रिंगचं काम करते. तिच्या सरांनी, बिश्वेश्वर नंदींनी, पायांच्या व्यायामावर वर्षानुवर्षं घालवली. पायांच्या! आणि तुम्हाला मी चवड्यांवर चालायला लावलं की तुम्ही एकमेकींकडे बघून डोळे फिरवता.

२०१६, रिओ. वॉल्टची अंतिम फेरी. प्रोडुनोवा म्हणजे टेबलावर हात टेकून पुढे दोन पूर्ण कोलांट्या. काठिण्याचे ७.० गुण, त्या वेळच्या सगळ्यांत अवघड वॉल्टांपैकी. ती दीपाने मारली. उतरताना इतकी खाली बसली की जमिनीला टेकते की काय असं वाटलं, पण पाय धरून उठली. सफाईचे गुण १० पैकी ८.२६६. तुम्ही म्हणता पाय धरून उठली, त्यात काय. त्यातच सगळं आहे! दोन कोलांट्यांचं ओझं अंगावर घेऊन उकिडव्या अवस्थेतून उठायला मांड्या आणि कंबर कशी लागते? एका पायावर खाली बसून उठून दाखव बरं आत्ता. नको, राहू दे, गेल्या मंगळवारी पाहिलंय मी. तिसऱ्या वेळी भिंत धरलीस. दोन उड्यांची दीपाची सरासरी झाली १५.०६६ आणि ब्राँझवाल्या स्विस मुलीची १५.२१६. फरक ०.१५०. उतरताना एक छोटं पाऊल सरकलं तर ०.१० जातात. म्हणजे दोन उड्या मिळून तीन छोट्या पावलांचं ते अंतर. ते मोजताना पंचांनी नऊ गाळला नाही.

आणि हो, पुढच्या वर्षी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, हेही त्या सजवलेल्या पानावर लिहून ठेव. ती त्यातूनही परत आली. २०१८ मध्ये तुर्कस्तानात विश्वचषक मालिकेतलं सुवर्ण, आणि २०२४ मध्ये, तिशीत, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत वॉल्टचं सुवर्ण. मग निवृत्त झाली. अकराव्या वर्षी तुम्हाला कसली घाई आहे?

उतरण्याचंच बोलतेय तर ऐका. मांजर कठड्यावरून उडी मारतं तेव्हा आवाज येतो? तुम्ही बॉक्सवरून उतरता तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कॅरमवाल्यांच्या सोंगट्या हलतात. धप्! गुडघे आत पडतात, टाचा आधी आपटतात. तो आवाज म्हणजे तुमच्या वजनाच्या कितीतरी पट मार हाडांत गेल्याचा आवाज. स्नायूंनी झेलला असता तर आवाज आला नसता. बॉक्सवरून नुसतं उतरून थांबायचं, दहा वेळा. यात काही शिकायला मिळत नाही, असं ज्या मुलीने आईला सांगितलं, तिने रविवारी फ्लोअरवर चार वेळा पाऊल टाकलं. मी लिहून ठेवलंय.

आता मनगट. तू इकडे ये. पट्टी सोड. सोड म्हणते ना.

तीन आठवडे ही मुलगी मनगटाला क्रेप बँडेज बांधून ‘फॅशन आहे’ म्हणत होती. मी विचारलं तर ‘काही नाही बाई’. इथे, अंगठ्याच्या बाजूला, हाडावर बोट ठेवलं की दुखतंय ना? चेहराच सांगतो. ऐका सगळ्याजणी. तुमच्या हाडांच्या टोकांशी अजून कूर्चा आहे, तिथून हाड वाढतं. माझी कधीच बंद झाली, तुमची उघडी आहे. आपल्या खेळात हात म्हणजे पाय, सगळं वजन मनगटावर. त्या कूर्चेला सतत मार बसला आणि विश्रांती मिळाली नाही तर तिथलं वाढणंच बिघडतं. कंबरेच्या मणक्याचंही तसंच, टाचेचंही तसंच. दुखणं दोन प्रकारचं असतं. एक पसरट, जळणारं, दोन्ही बाजूंना सारखं, दोन दिवसांत जाणारं. ते स्नायूंचं. ते आलं म्हणून लेग-लिफ्ट सोडायचे नाहीत. दुसरं एका बोटाने दाखवता येतं, एकाच बाजूला, रात्रीही ठणकतं, पुढच्या सरावाला वाढतं. ते लपवायचं नाही. तुम्ही काय करता? पहिलं झालं की लंगडत येऊन बाकावर बसता आणि दुसरं झालं की पट्टी बांधून हसता. सगळा उलटा कारभार! ही उद्या डॉक्टरांकडे जाईल, आणि ते सांगतील तोवर हातावर वजन नाही. पाय आहेत, पोट आहे, काम भरपूर आहे.

तू, मागची. जूनपासून चांगलीच उंच झालीस. तुझं बारवरचं किप गेलं म्हणून तू तोंड पाडून बसतेस. पाय लांब झाले, वजन कुठे आहे तेच बदललं, हात तेवढेच. नवीन शरीर मिळालंय, त्याची ओळख व्हायला वेळ लागणार. मागची पायरी परत चढायची. त्यात अपमान कसला? तुझ्यावर मी रागावलेली नाही. तुझा नऊ मी गुरुवारी ऐकला होता. एकटीचा.

आता खिडकीच्या जाळीपलीकडे उभे आहेत ते. तुम्हीही आत या, चपला बाहेर काढून.

‘पलीकडच्या क्लबात सहा महिन्यांत फ्लिक घेतात,’ हे मला या महिन्यात तिघांनी सांगितलं. घेत असतील. पाठवा तिकडे, दाखला मी देते. एकजण म्हणाले, ताकदीचे व्यायाम कमी करा, मुलीची उंची खुंटेल. नीट देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. मुलं न जेवता खेळली तर मात्र वाढीवर परिणाम होतो. दुसऱ्या म्हणाल्या, दंड पुरुषी दिसतील. ताई, या वयात दंडावर बेटकुळ्या येत नाहीत. आहेत तेच स्नायू वेळेवर, सगळे मिळून कामाला लावायला मेंदू शिकतो, म्हणून ताकद वाढते. आणि उद्या आल्याच बेटकुळ्या, तर त्या बेटकुळ्यांवर तुमची मुलगी बारला लटकलेली असेल. मान शाबूत राहील.

रविवारी सकाळी स्पर्धेला एका मुलीला नुसता चहा पाजून आणलं होतं. का, तर पोट दिसू नये! अकरा वर्षांच्या मुलीला ‘तू जरा जाड दिसतेस’ असं लिओटार्ड घालताना कोण म्हणालं, ते मी विचारत नाही. दुपारी तिची बारी आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. मी माझ्या डब्यातला राजगिऱ्याचा लाडू दिला, तो तिने तुमच्याकडे पाठ करून खाल्ला. पुढच्या वेळी भाकरी, अंडं, केळं, शेंगदाण्याची चटणी, काय घरात असेल ते पाठवा. डबा आला नाही तर मुलगी उतरणार नाही, माझ्याकडून.

दहावीच्या ग्रेस गुणांचा हिशेब पाचवीतच मांडणारेही इथे आहेत. त्यांच्यासाठी एवढंच: नादिया कोमानेचीला १९७६ मध्ये माँट्रियलला पूर्ण दहा मिळाले तेव्हा ती १४ वर्षांची होती. आज त्या वयाच्या मुलीला ऑलिंपिकच्या जिम्नॅस्टिक्समध्ये घेतच नाहीत, त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. नियम केले त्यांनी कोवळ्या मुलींचं काय होतं ते पाहिलं होतं. आणि उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियोला वॉल्टला उतरली तेव्हा ४६ वर्षांची होती. तिचा मुलगा तुमच्या मुलींपेक्षा मोठा.

माझंही ऐका, म्हणजे बाई फक्त दुसऱ्यांचं काढतात असं नको. नवी असताना मी मुलींच्या स्प्लिटवर बसत असे. खांद्यावर हात ठेवून दाबायचं, रडली तरी दाबायचं, असंच पाहिलं होतं आणि तेच बरोबर वाटत होतं. एकीच्या मांडीच्या मागे कट् असं वाजलं. मला अजून ऐकू येतं. ती चार महिने खेळली नाही आणि नंतर आलीच नाही. तिच्या घरचे एक शब्दही बोलले नाहीत, हे जास्त लागलं. त्याच्याही आधी, मी परकर खोचून मल्लखांबावर चढायला गेले होते, तेव्हा आमच्या वस्तादांनी मला कित्येक दिवस खांबाला हात लावू दिला नव्हता. नुसते दंड, बैठका आणि दोरीला लोंबकळणं. साधी अढी यायच्या आधी तेढीचं नाव काढलं तर कानाला धरून बाहेर. तेव्हा मी त्यांना शिव्या घातल्या. तरी शिकलेलं विसरून मी त्या मुलीच्या पाठीवर बसलेच. म्हणून आता कुणाच्या अंगावर बसत नाही. नुसतं डोक्यावर बसते.

झालं. उठा. वॉलबारला.

पाणी नंतर. दहाचे तीन सेट, पाय जोडून, गुडघे सरळ, झोका न घेता. जमत नसेल तर गुडघे पोटाशी घेऊन मारा, ते चालेल. खोटा आकडा चालणार नाही. मोजणार कोण? ती. हो, मान खाली घातलेली. तू लटकू नकोस, समोर उभी राहा आणि मोज, मोठ्याने. ज्यांचे पाय काठीला लागतील त्यांचाच आकडा म्हणायचा. तुझा सेट शेवटी, एकटीचा, आणि तो या सगळ्या मोजतील.

पालकांनो, मोबाइल खिशात.

हं. एक.

नाही, गुडघा वाकला तिचा. तू पाहिलास ना? मग मोजलास कशाला? खाली. परत. एक.